आई शेवटच्या टप्प्यात आहे, डॉक्टर म्हणतात ‘घरी न्या’. घरी नेऊन करायचं काय?

कृष्णाकाठची | ११ जुलै, रात्री १:४०

पावणेदोन होत आलेत. आई पलंगावर बसूनच आहे, उशी पोटाशी धरून पुढे वाकून. आडवं पडलं की पाठीतून कळ येते म्हणते. अण्णा मागे बसून पाठीवरून हात फिरवतायत. मी स्वयंपाकघरात येऊन हे लिहितेय, कारण तिथे बसवत नाही.

आईचं वय ६७. गाव वाळवा तालुक्यात. फेब्रुवारीत कावीळ झाली. पंधरा दिवस गावठी औषधात घालवले (तो शहाणपणा माझाच). मग सोनोग्राफी, सीटी, आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतात पसरलेला. पित्ताच्या वाटेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकल्यावर कावीळ उतरली. केमोचे दोन डोस झाले आणि ती पार गळून गेली. वजन ५४ वरून ३९ वर आलंय. गेल्या सोमवारी मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “आता करण्यासारखं काही नाही. घरी न्या, सेवा करा.” फाइल माझ्या हातात दिली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मी दारातून मागे वळून विचारलं, “दुखलं तर?” तेव्हा त्यांनी चिठ्ठीवर मॉर्फिन लिहिलं. ते तिथे मिळत नव्हतं. दोन दिवसांनी कोल्हापूरच्या एका दवाखान्यात आईचे कागद घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी फाइल बघितली, शिक्क्याची वेगळी चिठ्ठी दिली, रजिस्टरात सही घेतली आणि गोळ्या मिळाल्या.

त्या गोळ्या अजून कपाटात आहेत. दादा बंगळूरला असतो. तो फोनवर म्हणाला, “मॉर्फिन म्हणजे अफू. ते सुरू केलं की संपलं. आईला मारायला निघालीस का तू?” गावातल्या डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले शेवटी शेवटी द्या, आत्तापासून नको. त्यामुळे माझा हात धजत नाही.

दुसरं म्हणजे आईला आम्ही अल्सर सांगितलाय. ती काही विचारत नाही, आम्ही काही बोलत नाही. घरात सगळे तिच्यासमोर हसतात आणि मोरीत जाऊन रडतात.

तिसरं, ती खात नाही. दोन चमचे पेज जेमतेम जाते. अण्णा तिच्या मागे ताट घेऊन फिरतात, “एवढा एक घास, माझ्यासाठी.” ती घेते आणि ओकते. सलाईन लावून घेऊ का?

आणि विचारायला लाज वाटते, पण घरीच गेली तर त्या वेळी काय करायचं असतं? मी आजवर कुणाला जाताना पाहिलेलं नाही.

साधा वाचक | ११ जुलै, पहाटे ५:१५

ताई, धीर सोडू नका. आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, स्टेज चारचे पेशंट बरे केलेत त्यांनी. अर्क आणि पथ्य, बाकी काही नाही. नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो.

निवृत्त सिस्टर | ११ जुलै, सकाळी ६:०५

वरच्या भाऊंनी नंबर आपल्यापाशीच ठेवावा. शेवटच्या महिन्यात पथ्याच्या नावाखाली दूध, साखर, मीठ बंद केलेली माणसं मी पाहिलीत. मरताना त्यांना चहा हवा होता.

अगं पोरी, आधी त्या गोळ्या कपाटातून काढ.

मी ३१ वर्षं नर्स होते. त्यातली शेवटची ९ पेशंटच्या घरी जाऊन हेच काम केलं. तुझ्या आईच्याच वयाची आहे, म्हणून अगंतुगं करते.

आडवं झालं की कळ आणि पुढे वाकलं की जरा हलकं, ही स्वादुपिंडाच्या दुखण्याची खूण आहे. त्याच्या मागे नसांचं जाळं असतं, गाठ तिथपर्यंत गेली की पाठीत आरपार दुखतं. ते साध्या गोळीने भागत नाही. तुला मॉर्फिन लिहून दिलंय ते आजच्या दुखण्यासाठी. ‘शेवटी शेवटी द्या’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! म्हणजे महिनाभर माणसाने विव्हळायचं, आणि अगदीच बघवेना झालं की जायच्या आदल्या दिवशी गोळी द्यायची. दुसऱ्या दिवशी माणूस जातो, तो जाणारच असतो. मग अख्खं गाव म्हणतं, गोळी दिली आणि गेला. ही समजूत अशीच तयार होते. पुढच्या घरात पुन्हा गोळी कपाटात जाते.

दादाला सांग, अफूच आहे, खरंय तुझं. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यावर तिची शेती होते. आपण ती बाहेरच्या देशांना औषधासाठी विकतो, आणि आपल्या गावच्या पेशंटला मात्र मिळत नाही. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला तेव्हा मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागू लागले, की दवाखान्यांनी तो नादच सोडला. एक परवाना येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी न बघता शिकून बाहेर पडली. २०१४ ला कायद्यात बदल झाला, पण भीती हाडीमाशी खिळलीय. तुमच्या गावचे डॉक्टर वाईट नाहीत. त्यांना कुणी शिकवलंच नाही.

आता कामाचं. मॉर्फिनची साधी गोळी चारेक तास काम करते. म्हणून ती दुखण्याची वाट बघत थांबायची नसते, घड्याळ बघून द्यायची असते. दुखणं एकदा डोक्यावर चढलं की खाली आणायला दुप्पट कष्ट पडतात. तुझी आई वाळलीय, वयही आहे, अशांना बहुतेक वेळा अर्ध्या गोळीने सुरू करतात. पण ते मी ठरवणार नाही आणि तूही नाहीस. आज नऊ वाजता कोल्हापूरला फोन लाव आणि विचार: सुरुवात कितीने करायची, रात्रीची कशी द्यायची, दोन डोसांच्या मध्ये कळ उठली तर जादा किती. लघवी कमी होत असेल तर न चुकता सांग. मूत्रपिंड थकलेलं असलं की हे औषध अंगात साठतं, मग डोस बदलावा लागतो.

एक शंभर पानी वही कर. वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, परसाकडे झालं का. एवढंच लिहायचं. दादा आला की त्याच्या हातात ती वही दे.

ज्या दिवशी मॉर्फिन, त्याच दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध. दोन्ही एकाच वेळी लिहून घे. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच होतो, आणि बाकीच्या त्रासासारखा तो सवयीने जात नाही. घरचा उपाय म्हणून इसबगोल मात्र नको. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या पोटात त्याचा लगदा होऊन बसतो. सुरुवातीचे दोन-चार दिवस मळमळेल, त्यालाही गोळी असते. आणि पहिले दोन दिवस ती खूप झोपेल. सगळ्यांची पाचावर धारण बसते ती इथेच. अगं, महिन्याभराची झोप तुंबलीय तिची. हाक मारली की डोळे उघडते ना, तेवढं बघ. हलवूनही उठेना किंवा श्वास अगदीच संथ वाटला, तर पुढची गोळी थांबव आणि लगेच फोन कर.

खाण्याचं. अण्णांना ‘भरवू नका’ म्हणशील तर ते कोलमडतील. त्यांच्या हातातलं ताट काढून घेताना दुसरं काही तरी हातात दे. तोंडाची निगा हे मोठं काम आहे, ते त्यांना दे. पेलाभर कोमट पाण्यात चिमूट मीठ, चिमूट सोडा. मऊ कापड बोटाला गुंडाळून दर दोन तासांनी गाल, जीभ, हिरड्या हलक्या हाताने पुसायच्या. ओठांना खोबरेल. तोंडात फोड नसले तर कोकम सरबताचा बर्फ करून त्याचा खडा चघळायला द्यायचा. हे करणारी माणसं तासाभरात वेगळी दिसायला लागतात. भूक मेल्यामुळे ती जात नाहीये, जायची तयारी चाललीय म्हणून शरीराने भूक मिटवलीय. हे त्यांना एकदम सांगू नकोस, हळूहळू त्यांचं त्यांनाच कळेल. सलाईनचं म्हणशील तर या टप्प्यात ते पाणी शरीराला पेलत नाही, पायावर सूज येते, छातीत घरघर वाढते. डॉक्टरांनी काही खास कारणाने सांगितलं तर गोष्ट वेगळी.

आईला सांगण्याचं. सांगायला जाऊ नकोस, विचार. “आई, तुला काय वाटतं गं, काय झालंय तुला?” आणि मग गप्प बस. ती किती दार उघडते ते बघ, तेवढंच आत जायचं. तिने विषय बदलला तर तूही बदल.

शेवटच्या वेळेचं संध्याकाळी लिहिते. नातवाची शाळेची रिक्षा आली.

निवृत्त सिस्टर | ११ जुलै, संध्याकाळी ७:३०

राहिलेलं लिहिते. दिवसदिवस झोप, पाणीही नको वाटणं, हातपाय गार पडणं, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसणं. मग श्वास तुटक होतो. भरभर चालतो, मध्येच थांबतो. आपल्याला वाटतं संपलं, आणि पुन्हा सुरू होतो. घशात घरघर येते. ती ऐकणाऱ्याला फार लागते, पण घशातलं पाणी खाकरून काढायची ताकद नसते म्हणून ती येते, गुदमरल्यामुळे नाही. कुशीवर वळवून डोकं जरा उंच ठेवलं की कमी होते. त्या वेळी गंगाजलाची घाई करून चमचाभर पाणी घशात ओतू नका. ओठ ओले करा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा, पुरतं तेवढं.

गावच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेव. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला, नमुना ४-अ, त्यांनाच द्यायचा असतो, आणि ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते. हे आधी ठरलेलं नसलं की रात्री तीनला कुणी तरी १०८ बोलावतं आणि आई अँब्युलन्समध्ये जाते. तुम्हाला ते नको असेल तर घरातल्या प्रत्येकाला आजच माहीत असू दे.

घरी जमेना झालं तर हार मानली असं समजू नकोस. बांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, १९८६ पासून, आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची सेवा करणारं ठिकाण. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं तसलंच केंद्र आहे, १९९७ पासून. दोन्ही ठिकाणी कॅन्सरच्या पेशंटकडून पैसे घेत नाहीत. तुला लांब पडतील, पण फोनवर तरी बोल.

अवांतर: मी हे काम केरळात कोळिकोडला शिकले. तिथे १९९३ साली मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी हे काम सुरू केलं, आणि पुढे गल्लीबोळातली माणसं त्यात उतरली. तिथला रिक्षावाला पेशंटच्या घरी ‘आज झोप लागली का’ विचारायला थांबतो. आपल्याकडे मयताला पाचशे माणूस जमतं, आणि आधीच्या दोन महिन्यांत रात्री दोन तास बसायला कुणी मिळत नाही.

सॅन होजेकर | १२ जुलै, सकाळी ९:२०

मी तो दादा आहे. म्हणजे तुमचा नाही, पण तसलाच.

माझी आई नाशिकला होती. सहा वर्षांपूर्वी मी इथून, अमेरिकेतून, रात्री-बेरात्री फोन करून डॉक्टरांना सांगत होतो, जे जे शक्य आहे ते करा, पैशाकडे बघू नका. बहीण म्हणत होती की तिला घरी यायचंय. मी तिला म्हणालो, तू भावनेच्या भरात बोलतेयस. आई अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. मी पोचलो तेव्हा तिचे हात कॉटला बांधलेले होते, नळी ओढू नये म्हणून. एवढंच माझ्या लक्षात आहे, पांढरी पट्टी आणि त्याखाली हिरव्या बांगड्यांचे वळ.

दोन वर्षांनी माझे सासरे इथे गेले. इथे दोन डॉक्टरांनी लिहून दिलं की माणूस सहा महिन्यांच्या आत जाण्याची शक्यता आहे, तर मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, हॉस्पिसचा खर्च उचलतं. १९८० च्या दशकापासून ही सोय आहे. तीन दिवसांत घरी पलंग आला, नर्स येऊ लागली. फ्रिजमध्ये अंड्यांच्या शेजारी एक छोटा डबा ठेवून गेली, त्यात मॉर्फिनचे थेंब. मीही तुमच्या दादासारखाच दचकलो होतो. सासरे त्यानंतर सात आठवडे होते. रोज क्रिकेट बघायचे आणि कोहलीला शिव्या द्यायचे. गेल्यावरही त्या लोकांचा सासूबाईंना वर्षभर अधूनमधून फोन येत होता, त्यांच्या नियमातच आहे ते.

दादाला रागावू नका. लांब असलेल्या माणसाकडे करण्यासारखं काही नसतं, म्हणून तो विरोध करतो. त्याला काही तरी द्या. रोज रात्रीचा आठचा डोस त्याने व्हिडिओ कॉलवर द्यायचा, वहीत तुम्ही लिहायचं, असं काही तरी.

भारतात आलो तेव्हा मी स्वतःचं इच्छापत्र करून घेतलं, मला बोलता येत नसेल तेव्हा व्हेंटिलेटर लावायचा की नाही याबद्दलचं. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बायको म्हणाली, अभद्र बोलू नका. मग महिन्याभराने तिनेही केलं.

कृष्णाकाठची | १९ जुलै, दुपारी ३:१०

सिस्टर, तुम्हाला काय म्हणू ते कळत नाही. तुमच्या सांगण्यावरून त्याच दिवशी फोन केला. अर्ध्या गोळीने सुरू झालं, दोन दिवसांनी एक केली. रात्री दहाला डबल, म्हणजे मधली दोनची टळते. पहिले दोन दिवस ती झोपलीच. मी दर तासाला उठून हाक मारायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “झोपू दे की गं बाई, म्हशीसारखी काय हंबरतीस.”

वहीत आधी ९, ९, ८ असे आकडे आहेत. काल ३. ती आडवी झोपली, डाव्या कुशीवर. अण्णा खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते, मग त्यांनाही तिथेच डोळा लागला.

दादाला रात्री दहाचा डोस दिलाय, सॅन होजेकर म्हणाले तसा. पहिल्या दिवशी काही बोलला नाही. आता दहाला दोन मिनिटं असताना त्याचाच फोन येतो.

आणि मी विचारलं. परवा तिचे केस विंचरत होते (राहिलेत कुठे म्हणा). म्हटलं, आई, तुला काय वाटतं गं काय झालंय? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “डॉक्टर माझ्याशी बोलायचा बंद झाला आणि तुझ्याशी बोलायला लागला, तवाच कळलं. आणि तुम्ही मला भांडी घासू देईना. अल्सरच्या बाईला कोण असं बसवून ठेवतं?” मला रडू फुटलं. तिने मला रडू दिलं आणि मग कामाचं सांगितलं. बचत गटाचे तिच्याकडे १,८०० रुपये निघतात, पासबुकात नोंद नाही, ते द्यायचे. उषाकाकूंकडे तिची मोठी परात आहे, ती आणायची. आणि तेराव्याला जिलेबी नको, अण्णांना शुगर आहे आणि ते खाल्ल्याशिवाय राहणार नाहीत.

एक विचारते, दोन दिवस पाऊस लागलाय, नदी चढतेय. २०१९ सारखं पाणी आलं तर कोल्हापूरचा रस्ता बंद होईल. गोळ्या नऊ दिवसांच्या उरल्यात.

निवृत्त सिस्टर | १९ जुलै, दुपारी ४:००

उद्याच जा. पाणी चढतंय हे डॉक्टरांना सांग, तुमच्या भागात त्यांना नवीन नाही. आधीची चिठ्ठी, उरलेल्या गोळ्यांचा हिशेब आणि वही घेऊन जा. मॉर्फिन एकदम बंद करायचं नसतं, म्हणून साठा संपायच्या आत जायचं. गोळ्या कुलपात ठेवायच्या.

परात आण आधी.

कृष्णाकाठची | २२ ऑगस्ट, रात्री ११:३०

आई ९ ऑगस्टला पहाटे गेली. घरीच. दादा चार दिवस आधी आला होता. रात्री घरघर सुरू झाली तेव्हा आम्ही तिला कुशीवर वळवलं. १०८ चं नाव कुणी काढलं नाही. अण्णा तिचे ओठ ओले करत होते, पावणेपाचला त्यांनीच सांगितलं, “थांबला बघ.” मला वाटलं कापड थांबलं म्हणतायत.

काल तेरावं झालं. जिलेबी केली नाही.

आता प्रश्न अण्णांचा आहे. ते रडले नाहीत. दर दोन तासांनी उठतात, मीठ-सोड्याचं पाणी कोमट करायला ठेवतात, मग लक्षात आल्यावर गॅस बंद करतात. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी, सोनं झालं तिचं. अण्णा मान हलवतात. मला पुढच्या आठवड्यात कामावर जावं लागेल.

मनकवडा | २३ ऑगस्ट, सकाळी १०:००

भावपूर्ण श्रद्धांजली. दुःखाचे पाच टप्पे असतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. तुमचे वडील पहिल्या टप्प्यात अडकलेत. समुपदेशनाने पुढे सरकतील.

वारजेकर | २३ ऑगस्ट, दुपारी १:४५

मनकवडे साहेब, ते पाच टप्पे एलिझाबेथ कुबलर-रॉस बाईंनी १९६९ च्या पुस्तकात मांडले ते मरणाऱ्या पेशंटांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते नव्हते, नंतर सगळ्यांनी ओढून ताणून लावले. मी अडीच वर्षं स्वतःला तपासत होतो, राग झाला का, घासाघीस झाली का. माझी घासाघीस कुणाशी व्हायची? भाजीवाल्याशी?

कृष्णाकाठच्या ताई, माझी बायको २०१९ मध्ये वारज्याच्या केंद्रात गेली. शेवटचे सोळा दिवस मी तिथेच तिच्याजवळ होतो. तेव्हा मी एकदम ठाक होतो, कामं होती. बाहेर आलो आणि हात रिकामे झाले. सकाळी सहाला तिच्या गोळीचा गजर वाजायचा मोबाइलवर. तो मी चार महिने काढला नाही. वाजला की बंद करायचो. वेडेपणा वाटेल, पण त्या चार महिन्यांत दिवसातली तेवढीच वेळ पक्की असायची. अण्णा पाणी तापवतात ते तसंच असणार. तापवू द्या. गॅस बंद करायचं लक्षात येतंय, जेवतायत, झोपतायत, तोवर त्याला आजार म्हणू नका. ‘मला तरी कशाला ठेवलंय’ अशा थाटाचं बोलायला लागले, अन्नपाणी सोडलं, तर थांबू नका. डॉक्टर गाठा, नाही तर १४४१६ ला लावा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

माझ्याकडे तेराव्यापर्यंत माणसांची रीघ होती. चौदाव्या दिवशी मी कुकर लावला, चारच्या मापाने, आणि तिथेच बसलो. सगळे म्हणून गेले होते, ‘काही लागलं तर सांग.’ काय लागतंय ते मला तरी कुठे माहीत होतं! कामाचा निघाला तो खालच्या मजल्यावरचा एक गृहस्थ. त्याच्याशी माझं पार्किंगवरून भांडण होतं, खरं सांगतो. तो एका शनिवारी आला आणि म्हणाला, “बँकेत चला, वहिनींच्या खात्याचं बघून टाकू, मृत्युदाखल्याच्या पाच प्रती घ्या.” बँकेत लाइनीत उभे असताना त्याने विचारलं, “वहिनी चहा कसा करायच्या हो? तुमच्या घरून वास यायचा.” आलं आणि गवती चहा, मी म्हणालो. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्याबद्दल दहा मिनिटं सलग बोललो, टोकन नंबर ८३ लागेपर्यंत. बाकी सगळे तिचं नाव टाळायचे, मला त्रास नको म्हणून.

तेव्हा अण्णांना ‘कसं वाटतंय’ विचारू नका, पुरुषमाणसाला त्याचं उत्तर देता येत नाही. आईबद्दल काही तरी बारीकसं विचारा. लोणच्याला मोहरी किती घालायची, असं. चुकीचं सांगतील. सांगू द्या. बाहेरचं एखादं काम त्यांच्यावर टाका, जे तिच्याशीच जोडलेलं आहे आणि जे कुणाला तरी करायचंच आहे.

निवृत्त सिस्टर | २३ ऑगस्ट, रात्री ९:१०

थांबला बघ म्हणाले ना, म्हणजे शेवटपर्यंत हात तिच्यावर होता त्यांचा. बरं झालं.

पोरी, गोळ्या किती उरल्यात? त्या घरात ठेवायच्या नसतात. फेकायच्याही नाहीत, कुणा दुसऱ्या पेशंटला द्यायच्याही नाहीत. जिथून आणल्या तिथे परत करायच्या. हे काम अण्णांना सांग.

कृष्णाकाठची | ७ सप्टेंबर, रात्री ८:२०

उरलेल्या २६ गोळ्या होत्या. काल अण्णा आणि मी एसटीने कोल्हापूरला गेलो. अण्णांनी वही बरोबर घेतली होती, का ते मी विचारलं नाही. खिडकीवरच्या माणसाने गोळ्या मोजल्या, रजिस्टर पुढे केलं. पेशंटचं नाव, परत करणाऱ्याचं नाव, नातं. अण्णांनी सगळं सावकाश लिहिलं, चष्मा पुसून. मग त्याला म्हणाले, “आता पंधरा दिवसांनी यायचं?”

तो म्हणाला, “नाही काका, आता नाही.”

“बरं,” म्हणाले. तिथल्या बाकावर बसले आणि बराच वेळ रडले. सिस्टर होत्या एक, त्यांनी पाणी आणून दिलं आणि वही बघायला मागितली. पानं उलटून बघताना म्हणाल्या, “हे ३ कुणी लिहिलंय, एवढं मोठं?” अण्णा म्हणाले, मी. त्या दिवशी ती आडवी झोपली होती.

येताना स्टँडवर मिसळ खाल्ली. घरी आल्यावर त्यांनी पाणी तापवायला ठेवलं नाही. आज सकाळी ठेवलं.

घरात एअर बेड आहे, पंप चालू स्थितीत आहे, दीडच महिना वापरलाय. धुऊन, उन्हात वाळवून ठेवलाय. वाळवा, पलूस, शिराळा भागात कुणाच्या घरी लागत असेल तर व्यनि करा. पैसे नकोत. अण्णा म्हणतात, पंप कसा लावायचा ते ते स्वतः येऊन दाखवतील.